होड्या-व्यापाऱ्यांचं जाळं काढलं, पडद्यावर काथ्याचा गोळा आला. सोडवायचा कसा?

खाजणकाठ | ९ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून पहिला धागा.

मी मालवण तालुक्यातला. वडिलांची होडी आहे, मी मात्र संगणकावर पोट भरतो. गेल्या हंगामात आमच्या बंदरावरच्या मच्छीमारांनी एक वही ठेवली होती. रोज लिलाव झाला की कुठल्या होडीची मासळी कुठल्या व्यापाऱ्याने उचलली आणि किती किलो, एवढंच लिहायचं. नोव्हेंबर ते मार्च. आता पावसाळी मासेमारी-बंदीचे ६१ दिवस सुरू झालेत, होड्या शाकारून झाल्या, सगळे मोकळे. तर मला हुकूम झाला की "तू कॉम्प्युटरवाला ना, ह्याचं चित्र काढ, भिंतीवर लावू."

वही एक्सेलमध्ये भरली, गेफीमध्ये (जाळ्यांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) घातली. एकाच व्यापाऱ्याला माल देणाऱ्या दोन होड्या रेघेने जोडल्या. ६३ होड्या, १,२०६ रेघा. 'फोर्स अ‍ॅटलास २' मांडणी चालवली आणि पडद्यावर जे आलं ते नारळाच्या सोडणाचा काथ्या विस्कटून ठेवल्यासारखं दिसतंय. मधे काळा गोळा, कडेला चार केस. चित्र खाली जोडलंय. हसू नका.

कशेडीघाट | ९ जून, रात्री १०:५२

गणपतीच्या आदल्या रात्रीचा महामार्ग आठवला. त्यातही एवढी कोंडी नसते.

रापणीचा दोर | ९ जून, रात्री ११:१५

ह्या जाळा नाय रे झिला, ह्यो गुंतो. पण माका एक सांग, हेच्यात माजी होडी खंय आसा?

खाजणकाठ | ९ जून, रात्री ११:२०

काका, आहे, गोळ्याच्या आत आहे. चित्र मोठं करून शोधावी लागेल.

रापणीचा दोर | ९ जून, रात्री ११:२४

भितीर लावल्यार मोठा कसा करतलंस?

पांढरा कांदा | १० जून, सकाळी ७:०५

वाचनखूण साठवली.

उधाण | १० जून, सकाळी ९:३०

मी छपाई-मांडणीच्या धंद्यात आहे, त्यामुळे आधी वरवरची मलमपट्टी सांगतो.

तू चालवलेली मांडणी जी आहे ना, त्या जातीच्या सगळ्या मांडण्या एकाच कल्पनेवर चालतात. प्रत्येक रेघ म्हणजे स्प्रिंग, प्रत्येक नोड (म्हणजे ठिपका, तुझ्याकडे होडी) दुसऱ्याला ढकलतो, आणि ओढाताण थांबली की चित्र तयार. फ्रुख्टरमन आणि राइनगोल्ड यांची १९९१ची पद्धत याच घराण्यातली. रेघा विरळ असल्या तर फार सुंदर काम करते. पण सगळेच सगळ्यांना ओढत असतील तर स्प्रिंगा बिचाऱ्या काय करणार? सगळे मधे येऊन बसतात.

तरी करून बघ: गेफीत नोड एकमेकांवर चढू न देण्याची खूण आहे, ती लाव. लिनलॉग मोड लाव, गट जरा सुटे होतात. रेघांची पारदर्शकता वाढव. नावं सगळ्यांची छापू नकोस. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, त्यामुळे आपल्या अक्षरांना उंची जास्त लागते आणि नावं एकमेकांत घुसतात. आणि रंग चारच्या पुढे नेऊ नकोस. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं गावात निघतातच.

हेलन पर्चेस यांनी १९९७ साली माणसांना प्रत्यक्ष आकृत्या वाचायला देऊन चाचणी घेतली होती. सममिती, वळणं, कोन वगैरे बऱ्याच गोष्टी तपासल्या. सगळ्यांत जास्त नडतात त्या एकमेकींना कापणाऱ्या रेघा, असं निघालं. तेव्हा बाकी नटवेगिरी नंतर, आधी छेद कमी कर.

खाजणकाठ | १० जून, रात्री ९:१०

सगळं केलं. काळ्या गोळ्याचा राखाडी गोळा झाला. :(

अवघड वळण | ११ जून, दुपारी १:४५

उधाण यांचे सल्ले बरोबर आहेत, पण ते आजारी माणसाला पावडर लावण्यासारखे आहेत. मी मूळची गुहागरची, सध्या पुण्यात प्रथिनांची जाळी काढत असते (गेफीसारख्याच सायटोस्केप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, पण दुखणं तेच). आमच्याकडे नवीन मूल आलं की पहिला आठवडा असाच गोळा काढतं आणि दुसरा आठवडा रंग बदलण्यात घालवतं. खाजणकाठ, एकच प्रश्न विचारते, राग मानू नकोस.

तुझ्या चित्रात रेघ म्हणजे काय?

तू लिहिलंयस की एकाच व्यापाऱ्याला माल देणाऱ्या दोन होड्या जोडल्या. वहीत मात्र होडी आणि होडी यांच्यात कसलाच व्यवहार नाही. वहीत होडी आणि व्यापारी आहेत. म्हणजे दोन प्रकारचे नोड, रेघ फक्त या प्रकारातून त्या प्रकारात. त्यातला व्यापारी तू काढून टाकलास आणि त्याच्या गिऱ्हाइकांना आपसांत बांधलंस. याला प्रक्षेपण म्हणतात आणि गोळा तिथेच तयार होतो. हिशोब बघ: एका व्यापाऱ्याकडे क होड्या माल देत असतील तर खऱ्या रेघा क. प्रक्षेपणात मात्र क गुणिले (क वजा १) भागिले २. दहा होड्यांच्या ४५ रेघा, वीसच्या १९०. तुमच्या सगळ्यांत मोठ्या व्यापाऱ्याकडे किती होड्या येतात?

खाजणकाठ | ११ जून, दुपारी २:३०

४१.

अवघड वळण | ११ जून, दुपारी २:३३

४१ गुणिले ४० भागिले २ म्हणजे ८२०. तुझ्या १,२०६ पैकी ८२० रेघा एका माणसाने काढल्यात, आणि तो माणूस चित्रात नाहीच.

खाजणकाठ | ११ जून, दुपारी २:४१

ताई, मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

रापणीचा दोर | ११ जून, दुपारी ४:००

म्हंजे एकाच वाण्याकडसून साकर घेतली म्हणान आमी सगळे सोयरे?

कशेडीघाट | ११ जून, दुपारी ४:०६

काकांनी प्रक्षेपणाची व्याख्या केली. धागा इथेच बंद करा.

खाजणकाठ | ११ जून, रात्री ११:५०

नव्याने काढलं. ६३ होड्या, १८ व्यापारी, १७४ रेघा. म्हणजे जवळजवळ सातव्या हिश्शावर आलं आणि एकही नोंद टाकलेली नाही! अजून गिचमीड आहे, पण निदान व्यापारी दिसतायत. नवीन चित्र जोडलंय.

तक्तेवाला | १२ जून, सकाळी ८:२०

मी बँकेतून निवृत्त, मुक्काम चिपळूण. मला एक समजत नाही, जाळं काढायलाच पाहिजे का? ६३ ओळी, १८ रकाने, साधा तक्ता होतो. घरात किलो जास्त तर रंग गडद. रेघच नाही तर छेद कुठून येणार? तक्त्यात गुंता होऊच शकत नाही.

फक्त ओळी-रकान्यांचा क्रम हलवावा लागतो. नावांच्या अकारविल्हे लावलंत तर ठिपक्यांची रांगोळी विस्कटलेली दिसेल. सारखी वागणारी माणसं शेजारी आणली की ठोकळे दिसायला लागतात. फ्रान्समधले जाक बर्तँ १९६०च्या दशकात हेच करत. ओळी हाताने उचलून पुढेमागे करता येतील अशी लाकूड-प्लास्टिकच्या तुकड्यांची साधनंच त्यांच्याकडे होती.

अवघड वळण | १२ जून, सकाळी १०:१५

काका, तुमच्या बाजूने पुरावा पण आहे. घोनिएम, फेकेत आणि कास्तालिओला यांनी २००४ साली दोन्ही प्रकार लोकांसमोर ठेवून तपासले. नोड वीसच्या वर गेले की बहुतेक कामांत तक्ता सरस ठरला. एकाच कामात रेघांचं चित्र जिंकलं, इथून तिथे वाट कशी जाते हे शोधण्यात.

उधाण | १२ जून, सकाळी १०:५५

पुरावा मान्य, पण भिंतीवर तक्ता लावून बघा. लोकांना वाटेल मतदार यादी लागली. आपलं नाव शोधतील आणि जातील.

तक्तेवाला | १२ जून, सकाळी ११:०२

मग काय वाईट झालं? नाव सापडलं तरी. इथे तीन दिवसांपासून एक गृहस्थ आपली होडी शोधतायत.

रापणीचा दोर | १२ जून, दुपारी १२:३०

अजून गावाक नाय.

पांढरा कांदा | १२ जून, दुपारी १:१०

एक भाबडी शंका. जवळजवळच्या रेघांची जुडी बांधून जाड वेणी करतात तशी चित्रं पाहिली आहेत. फार देखणी दिसतात. तसं केलं तर?

अवघड वळण | १२ जून, दुपारी १:४०

डॅनी होल्टन यांची २००६ची कल्पना ती, मग २००९ मध्ये त्यांनी व्हॅन वाइक यांच्याबरोबर रेघाच स्प्रिंगांसारख्या एकमेकींकडे ओढून जुडी बांधायची पद्धत केली. देखणी असतेच. पण एकदा वेणी घातली की कुठला केस कुठून शिरला आणि कुठून निघाला ते सांगता येत नाही. या प्रदेशातून त्या प्रदेशात मोठा ओघ आहे एवढंच सांगायचं असेल तर छान. इथे काकांना त्यांचीच होडी हवी आहे.

खाजणकाठ | १३ जून, रात्री १०:२०

आज स्वतःच अक्कल चालवली. हंगामात ५०० किलोच्या खालचे व्यवहार गाळले. चित्र एकदम मोकळं! ३८ रेघा उरल्या. बघा.

रापणीचा दोर | १३ जून, रात्री १०:३१

आता तर माजी होडीच नाय.

खाजणकाठ | १३ जून, रात्री १०:३६

काका, तुमचा माल कमी पडला ना म्हणून...

रापणीचा दोर | १३ जून, रात्री १०:४८

कमी पडलो म्हणान मी बंदरावर नव्हतंय? जाळ्याची आस मोठी घेतलंस, बारीक मासे निसाटले. समुद्रात ता बरा, बारीक मासो वाढाक व्हयो. हय वाढाचा काय आसा? ट्रॉलरवाल्यांचा तेवढा चित्र झाला ह्या.

अवघड वळण | १४ जून, सकाळी ९:००

काकांनी नेमकं पकडलं. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जाळ्याच्या एका घराला आस म्हणतात.) सगळ्यांना एकच आस लावली की मोठ्यांचे किरकोळ व्यवहारही टिकतात आणि लहानांचे जिवाभावाचे व्यवहारही गळतात. ट्रॉलरसाठी ५०० किलो म्हणजे काहीच नाही, बिनइंजिनाच्या होडीसाठी तो अख्खा हंगाम.

यावर सेरानो, बोगुन्या आणि वेस्पिन्यानी यांनी २००९ मध्ये एक चाळण सुचवली. तिची आस प्रत्येक नोडच्या मापाची असते. किलो बघायचे नाहीत, हिस्सा बघायचा. समजा एका होडीची पाच व्यापाऱ्यांशी देवघेव आहे. त्यातल्या एकाला तिने ६० टक्के माल दिला. मग १ मधून ०.६ वजा करायचे, उरले ०.४, त्याचा चौथा घात (पाच वजा एक) करायचा. येतात ०.०२५६. हा आकडा ०.०५ च्या खाली, म्हणजे एवढा मोठा हिस्सा योगायोगाने पडणं कठीण, रेघ ठेवा. पाचही जणांना सारखे २० टक्के दिले असते तर ०.८ चा चौथा घात, ०.४०९६. त्यातली एकही रेघ खास नाही. हेच व्यापाऱ्याच्या टोकाकडूनही करायचं, आणि कुठल्याही एका टोकाने पास झाली तरी ठेवायची.

तक्तेवाला | १४ जून, सकाळी ९:४०

वहीत करून पाहिलं, बरोबर येतं. पण ताई, एक अडचण. होडीची एकाच व्यापाऱ्याशी देवघेव असेल तर? घात शून्य होतो. १ वजा १, शून्य, त्याचा शून्य घात. त्याचं काय करायचं?

अवघड वळण | १४ जून, सकाळी ९:५८

काका, नमस्कार घ्या. बरोबर तिथेच ही चाळण आंधळी आहे. एकच रेघ असलेल्या नोडबद्दल तिला काहीच ठरवता येत नाही, कारण तुलनेला दुसरी रेघच नाही. दुसऱ्या टोकाने, म्हणजे व्यापाऱ्याच्या बाजूने पास झाली तर वाचते. पण मोठ्या व्यापाऱ्याच्या एकूण मालात लहान होडीचा हिस्सा नखाएवढा, तिथेही नापास. खाजणकाठ, तुझ्याकडे अशा किती आहेत ते मोज आणि हाताने वेगळ्या काढ.

खाजणकाठ | १४ जून, रात्री ११:३०

मोजल्या. चाळणीतून ५२ रेघा उरतात. एकाच व्यापाऱ्याला माल देणाऱ्या होड्या ११, आणि अकराच्या अकरा गळतात.

त्यांची नावं बघितल्यावर झोप उडाली. अकरापैकी नऊ होड्या दोनच व्यापाऱ्यांकडे जातात. आणि या नऊ जणांनी हंगामाच्या आधी जाळ्यासाठी, इंजिनासाठी उचल घेतलेली आहे हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक आहे. उचल घेतली की माल दुसरीकडे नेता येत नाही, भाव जो मिळेल तो. चित्र मोकळं करायच्या नादात मी नेमकं हेच पुसून टाकत होतो.

कशेडीघाट | १४ जून, रात्री ११:४५

आता विनोद सुचत नाही.

उधाण | १५ जून, सकाळी ७:५०

मग पुसू नकोस ना. फिकट कर. छपाईत कागदाचा पांढरा आणि शाईचा काळा यांच्यामध्ये भरपूर जागा असते. १७४ च्या १७४ रेघा ठेव, अगदी हलक्या करड्या. ५२ गडद. आणि त्या ११ एका वेगळ्या रंगात, एवढाच रंग अख्ख्या चित्रात.

दुसरं. स्प्रिंगवाली मांडणी आता सोड. दोन प्रकारचे नोड आहेत तर दोन उभ्या रांगा कर, डावीकडे होड्या, उजवीकडे व्यापारी. छेद कमी करायला सुगियामा आणि मंडळींची १९८१ची एक सोपी युक्ती आहे: उजवीकडच्या प्रत्येकाला त्याच्या डावीकडच्या शेजाऱ्यांच्या सरासरी जागेसमोर बसवायचं. मग डावीकडचे तसेच हलवायचे, पुन्हा उजवीकडचे, दोन-चार फेऱ्यांत बरंच सुटतं.

खाजणकाठ | १५ जून, दुपारी १:००

दोन रांगा मस्त. पण डावीकडच्या होड्या हलवल्या की पुन्हा काका विचारणार.

रापणीचा दोर | १५ जून, दुपारी १:२०

इचारतलंय.

उधाण | १५ जून, दुपारी २:१०

मग डावीकडच्या हलवूच नकोस. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवता तेव्हा कुठली कुठे हे ठरलेलं असतं ना? उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेपर्यंत त्याच क्रमाने लाव. फक्त व्यापाऱ्यांची रांग सरासरीने हलव.

लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा १९३३ मध्ये छापला गेला, हॅरी बेक यांचा. त्यांनी अंतरं फेकून दिली, वळणं फेकली, सगळ्या रेघा आडव्या, उभ्या नाहीतर ४५ अंशांत. एक गोष्ट नाही फेकली, स्थानकांचा क्रम. दादर आधी की ठाणे हे चुकलं असतं तर कोणी तो नकाशा हातात धरला नसता. तुझा क्रम किनाऱ्याने आधीच लावून दिलाय. छेद थोडे जास्त राहतील, राहू देत.

अवघड वळण | १५ जून, दुपारी २:४०

पर्चेसबाईंची चाचणी सांगून छेद कमी कर म्हणणारे हेच का ते उधाण?

उधाण | १५ जून, दुपारी २:४४

तेव्हा काकांनी दोनदाच विचारलं होतं.

तक्तेवाला | १६ जून, सकाळी ८:००

एक वेगळी गोष्ट, माझ्या जुन्या नोकरीच्या सवयीने. उचल घेतलेल्या होड्या रंगवून भिंतीवर लावणार म्हणजे कोण कोणाच्या देण्यात आहे हे चव्हाट्यावर आणणार. बंदरावर ठाऊक असणं वेगळं आणि फ्लेक्सवर छापणं वेगळं. त्या नऊ जणांना विचारलंत का? नुसती नावं काढून आकडे घालून भागणार नाही. होड्या किनाऱ्याच्या क्रमाने आहेत, पोरंसोरं सुद्धा ओळखतील.

खाजणकाठ | १६ जून, रात्री ९:२५

काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. आज घरोघर जाऊन विचारलं. सहा जण म्हणाले लाव, तिघे म्हणाले नको. मग दोन चित्रं ठरली. भिंतीवरच्या चित्रात सगळ्या रेघा आणि गडद रेघा, रंग नाही. रंगवालं चित्र बैठकीत कागदावर फिरवायचं आणि परत घ्यायचं, त्यातही त्या तिघांच्या रेघा करड्याच.

खाजणकाठ | २३ जून, रात्री १०:०५

काल फ्लेक्स लागला. पाऊस धो धो, तरी लिलावाच्या शेडमध्ये वीस-पंचवीस जण जमले. कोणी चित्राकडे 'चित्र' म्हणून बघितलंच नाही. पहिल्यांदा प्रत्येकाने आपली होडी शोधली, मग शेजाऱ्याची, मग बोट रेघेवरून उजवीकडे नेत गेले. रेघ दुसरीला कापते तिथे बोट थांबायचं, मान वाकडी व्हायची, पुन्हा सुरू. करड्या रेघा तीन पावलांवरून दिसत नाहीत, जवळ गेल्यावरच दिसतात, आणि ते बरंच झालं. सुकी मासळी विकणाऱ्या एका काकींनी विचारलं, "आमी रे खंय?" त्या वहीतच नाहीत. लिलाव झाल्यावर टोपलीवर घेतात, ते कोणी लिहीतच नव्हतं. पुढच्या हंगामात लिहायचं ठरलंय.

रापणीचा दोर काका स्वतः आले होते, डोक्यावर इरलं घेऊन! तेच सांगतील.

रापणीचा दोर | २३ जून, रात्री १०:५०

गावली. खालसून चवथी.

पण तिच्यासून ती बारीक रेग वरच्या येपाऱ्याकडे गेली हा, ती माजी न्हय. तेका मी जल्मात मासो इकूक नाय.

खाजणकाठ | २३ जून, रात्री ११:३५

वही काढून बघितली काका. १४ जानेवारी, ३० किलो बांगडा. तुमच्या शेजारच्या होडीचा माल तुमच्या नावावर पडलाय. अक्षर माझंच आहे.